नाकाच्या औषधांवर एकमत होईना

मोंतेझोल्फोत माणूस गेला, की त्याच्या चांगुलपणाच्या आधी त्याच्या नाकाची आठवण निघते. 'बिचाऱ्या आर्दुइनोचा पडदा डावीकडे वाकडा होता हो', 'तेरेसिनाचं नाक बारा महिने चोंदलेलं', असं लोक दफनभूमीच्या फाटकातच सुरू करतात. गावाचाही इलाज नाही. जमिनीतून सडक्या अंड्यांच्या वासाचं गंधकाचं पाणी येतं, त्याची वाफ नाकात ओढायला अख्ख्या इटलीतून माणसं येतात, आणि पांढरे झगे घालून चौकातून अशी हिंडतात की नवख्याला वाटावं, गावात मेलेल्यांचं पुनरुत्थान झालंय. हॉटेलवाल्याचं, औषधवाल्याचं, बेकरीवाल्याचं, सगळ्यांचं पोट या परक्या नाकांवर. अशा गावात नाकाच्या डॉक्टरचा मान धर्मगुरूपेक्षा अर्धी पायरी वरच.

ती अर्धी पायरी डॉक्टर लेआर्को फोंतानेझींनी चाळीस वर्षं कुणाला दिली नाही. उंच, वाकलेले, हातरुमालाची घडी कोटाच्या खिशात. बारमध्ये कुणी नाकात फवारा मारताना दिसला, की हातातली कॉफी टाकून तिथे हजर. "अहो, भोक पाडताय का पडद्याला? उजवा हात डाव्या नाकपुडीला, डावा हात उजव्या! फवाऱ्याचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. आणि सुरकन ओढू नका, सूप आहे का ते?" माणूस ओशाळून हात बदलायचा, आणि डॉक्टरांची पाठ वळली की परत आपल्या सोयीच्या हाताने मारायचा.

पण डॉक्टरांची गावाला खरी देणगी म्हणजे मशीन. औषधाचं धुकं करणारं, गुरगुरणारं डबडं. त्याला नळी, नळीला मास्क. गावातल्या प्रत्येक घरात कॉफीच्या भांड्याशेजारी ते असतंच. लग्नात लोक देतात, बाळंतपणात देतात. लेकरू शिंकलं की आई आधी खिडकी लावते, मग गंजीफ्रॉक चड्डीत खोचलाय का ते बघते, मग मशीन काढते. हा क्रम डॉक्टरांनी घालून दिलेला, आणि दोन पिढ्या या मास्कमध्ये रडून मोठ्या झाल्या.

इव्होनबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, गेल्या आणि त्याच वर्षी डॉक्टरांचं निवृत्तीचं वयही उलटलं. दवाखान्याच्या जागी आता नखं रंगवून देणारी मुलगी बसते. मूलबाळ नाही. राहता राहिलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, आणि दारावरची टकटक. म्हणजे कुणाचं पोर सर्दीने बेजार झालं की आई जिन्यातच विचारायची, "डॉक्टर, मशीनमध्ये काय घालू?" डॉक्टर सांगायचे, वर पोराच्या आजीचीही चौकशी करायचे, आजोबांचीही, मग कुत्र्याचीही. आई बिचारी एका पायावर उभी. दार लागलं की डॉक्टर आत जाऊन पुन्हा खुर्चीत. हिवाळ्यात सर्दी फार, म्हणून हिवाळा बरा जायचा. उन्हाळा मात्र खायला उठायचा.

पहिल्या मजल्यावरच्या देर्नाबाई म्हणायच्या, "गावाला सर्दी होऊ दे म्हणून देवाला नवस बोलणारे हे एकटेच असतील." देर्नाबाईंच्या जिभेला हाड नाही हे सगळा जिना जाणतो. पण त्या चुकत होत्या असं कुणी म्हणणार नाही.

अशात एका शरद ऋतूत बोलोन्याहून फोन आला. विद्यार्थिदशेतले त्यांचे सोबती प्राध्यापक कावाल्काबो आता मोठं प्रस्थ झाले होते. नाकात थेट घालायच्या औषधांवर देशभरच्या तज्ज्ञांचं एकमत करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. फवारे, थेंब, मिठाच्या पाण्याने धुणं, मशीनचं धुकं. कशाला काय द्यावं, काय देऊ नये. मोठ्या इस्पितळांतली माणसं होतीच, पण 'गावात हाडं झिजवलेला' एक जण हवा होता.

"मी?" डॉक्टर म्हणाले. "अरे, माझी पाटी पण काढली."

"म्हणूनच. तुला आता कुणाची भीती नाही," प्राध्यापक म्हणाले.

पद्धत अशी, की प्रत्येकाच्या घरी संगणकावर वाक्यं यायची. प्रत्येक वाक्याला एक ते नऊ गुण द्यायचे. नऊ म्हणजे पूर्ण मान्य, एक म्हणजे साफ अमान्य. कुणी किती दिले ते कुणालाच कळायचं नाही. प्राध्यापकांचा हट्ट असा, की एकानेही नकार दिला तर वाक्य परत फिरणार; त्यावर गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी संगणकासमोर बसून बोलायचं, आणि पुन्हा गुण. या सगळ्याची दोरी ओत्ताविया नावाच्या, बारी शहरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. बोलणं भराभर, हसणं त्याहून भराभर.

पहिल्या गुरुवारी डॉक्टरांनी दाढी केली, टाय बांधला, आणि बायकोच्या शिवणाच्या टेबलावर संगणक ठेवून अर्धा तास आधीच बसले. एकेक चौकोन उजळत गेला. तोरिनोचे एक गृहस्थ, मागे पुस्तकांची भिंत. कातान्याच्या एक बाई, त्यांच्या मांडीवर मांजर. पादोवाचे एक जण, ज्यांचा आवाज कधीच लागायचा नाही आणि सगळे एकदम ओरडायचे, "आवाज लावा, आवाज!" डॉक्टरांनी वाफेच्या हॉलमधली एक जुनी गोष्ट सांगितली. एक मिलानी कारखानदार वाफ ओढता ओढता झोपला आणि त्याचा कृत्रिम दातांचा संच चिनीमातीच्या भांड्यात पडला, त्याची. सगळे चौकोन हसले. कातान्याच्या बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांच्या घरात इतकी माणसं एकदम हसल्याला किती काळ लोटला होता, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

वाक्यं एकामागून एक मान्य होत गेली. अडलं एकच. त्याचा आशय असा: साध्या सर्दीला मशीन आणि मास्क लावून औषधाचं धुकं देऊ नये, नाक मिठाच्या पाण्याने धुवावं.

पहिल्या फेरीत डॉक्टरांनी एक गुण दिला तो अगदी मनापासून. टेबलावर मूठ आपटली आणि एकटेच ओरडले, "चाळीस वर्षं!"

मग ओत्तावियाबाईंचा फोन आला. कुणी नकार दिला ते त्यांनाही ठाऊक नसायचं, म्हणून त्या सगळ्यांनाच फोन करायच्या.

"डॉक्टर, या वाक्यावर तुमच्या गावचा अनुभव काय म्हणतो?"

"गावचा अनुभव म्हणतो की बोलोन्यातल्या लोकांनी गावात येऊन बघावं."

"येते ना! पण अंड्यांचा वास येतो म्हणतात."

"सहाव्या दिवशी येत नाही. सातव्या दिवशी दुसरीकडे गेलात तर चुकल्यासारखं होतं."

त्या खूप हसल्या. मग त्यांनी अभ्यासाचे कागद पाठवले, आणि डॉक्टरांनी ते वाचले. वाचायला वेळच वेळ होता. चष्मा वर-खाली करत, पेन्सिलीने खुणा करत, दोनदा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल थांबली. मास्कमधलं धुकं इतकं बारीक असतं की ते नाकात टेकतच नाही. सरळ छातीत उतरतं. नाकाला हवेत जाड थेंब. आणि साध्या सर्दीला ते औषध लागतंच कुठे? कागद खरं बोलत होते. वाईट याचं वाटलं की पडताळून बघायचं कधी मनातही आलं नव्हतं. पोर आठवड्यात बरं व्हायचं, आई मशीनचे उपकार मानायची, आणि डॉक्टर ते स्वतःच्या नावावर जमा करायचे. सर्दी तशीही आठवड्यात जाते हे कुणाच्या आजीनेही सांगितलं असतं, पण आजीला विचारतो कोण?

दुसऱ्या फेरीत नऊ गुण द्यायला बोट गेलंही होतं. तेवढ्यात लक्षात आलं, की बाकीची सगळी वाक्यं मान्य झाली आहेत. हेही झालं की संपलं. गुरुवार संपले, फोन संपले, मांजरवाल्या बाई संपल्या. आणि उद्या हा कागद छापून गावातल्या औषधवाल्याकडे आला, की जिन्यातली टकटकही संपली. मिठाचं पाणी करायला डॉक्टर कशाला?

त्यांनी एक गुण दिला. खाली कारण लिहिलं: 'लहान मुलं नाक धुऊ देत नाहीत.'

कारण चांगलं होतं. त्यावर एक अख्खा गुरुवार गेला. तोरिनोच्या गृहस्थांनी नातवाचं नाक कसं धुतलं ते करून दाखवलं, त्यात त्यांची पुस्तकं भिजली. तिसऱ्या फेरीत डॉक्टरांनी लिहिलं, 'कुटुंबांचा मशीनवर विश्वास आहे, तो एकदम मोडू नये.' त्यावर आणखी एक गुरुवार. आता वाक्यावर बोलणं थोडं, आणि बाकीचंच जास्त व्हायला लागलं. कातान्याच्या बाईंच्या मांजराला पिल्लं झाली. पादोवावाल्यांचा आवाज एकदा लागला आणि ते इतके कंटाळवाणे निघाले की सगळ्यांना वाटलं, आधीच बरं होतं.

"एकमत होत नाहीये म्हणे तुमचं," देर्नाबाईंनी जिन्यात डॉक्टरांना गाठलं. हातात भाज्यांची पिशवी, मान तिरकी.

"तज्ज्ञांचं काम आहे देर्नाबाई. घाई करून चालत नाही."

"कोण अडवतंय?"

"ते गुप्त असतं."

"गुप्त?" देर्नाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुरुवारी तुम्ही दाढी करता, डॉक्टर. बुधवारी पाव आणायला जाता तेव्हा खुंट असतात. माझा नवरा एका बाईसाठी असा वागायचा. ती बाई मी नव्हते."

"भलतंच काय!"

"भलतंच तर नाही ना, एवढंच विचारते. बाई असती तर निदान एकमत तरी झालं असतं."

डॉक्टर कानापर्यंत लाल होऊन वर गेले. देर्नाबाई पिशवी कठड्यावर टेकवून मनसोक्त हसल्या. मग हसू थांबलं, आणि त्या जरा वेळ वर बघत राहिल्या. पण हे त्या कबूल करणार नाहीत.

आता वरच्या मजल्यावरची गोष्ट. डॉक्टरांच्या डोक्यावर लोरेदाना राहायची. लहानपणी हिचंही नाक डॉक्टरांनीच तपासलेलं. नवरा हॅमच्या कारखान्यात पाळीवर, मुलगी अमेलिया दीड वर्षाची. नोव्हेंबर लागला तशी अमेलियाला सर्दी झाली, आणि लोरेदाना खाली आली.

"डॉक्टर, मशीनमध्ये काय घालू?"

डॉक्टरांच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण दार उघडलं होतं, दारात माणूस होतं, पोरीच्या आजीची चौकशी व्हायची होती. शिवाय आत जाऊन संगणकावर एक बोलायचं आणि जिन्यात दुसरं, हे कसं जमायचं? नेहमीचं औषध त्यांनी सांगितलं. "संध्याकाळी जेवणाआधी," म्हणाले.

त्या संध्याकाळी छतातून मशीनची गुरगुर आली. मग रडणं. साधं रडणं नव्हे. दीड वर्षाच्या पोराच्या तोंडावर कुणी प्लास्टिक दाबून धरलं की येतं ते. मध्ये मध्ये लोरेदानाचं गाणं, मग विनवणी, मग "गप गं, गप, संपलंच." डॉक्टरांनी कोंबडीच्या साराची वाटी पुढे ओढली. त्यात आनोलिनी होत्या, सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या चकत्या, बेकरीतून आणलेल्या. खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशी डॉक्टरांना कुठेतरी बरंही वाटलं होतं. घर इतकं गप्प असायचं, की डोक्यावर कुणाचं तरी काहीतरी चाललंय, तेही आपल्या सांगण्यावरून, याची सोबत होती. असली सोबत माणसाला पुरते, यावर विश्वास बसायला माणूस फार दिवस एकटा राहावा लागतो.

पण त्या आठवड्यातल्या गुरुवारी बैठक चालू असतानाच वर मशीन सुरू झालं. ओत्तावियाबाई म्हणत होत्या, "मित्रहो, आपल्यापैकी कुणाला तरी असं काहीतरी दिसतंय जे बाकीच्यांना दिसत नाही. मला त्या व्यक्तीबद्दल आदर आहे. तिने मनातलं मोकळेपणाने सांगावं, एवढंच..." आणि छतातून अमेलियाची किंकाळी आली.

"कुणाकडे बाळ आहे?" कातान्याच्या बाईंनी विचारलं. "किती रडतंय! काय झालं त्याला?"

सगळे चौकोन आपापल्या घरात कान देऊ लागले. डॉक्टरांनी आवाज बंद केला. त्यांचा चौकोन मुका झाला. "आवाज लावा, आवाज!" सगळे ओरडले. डॉक्टर उठले, आणि टाय बांधलेले, पायात घरातल्या चपला, तसेच जिना चढले.

दार लोरेदानाने उघडलं. खांद्यावर पोर, गाल मास्कच्या कडेने लाल झालेले, नाकाला बुडबुडा.

"बंद कर ते," डॉक्टर म्हणाले.

"झालंच आहे, डॉक्टर. थोडं राहिलंय औषध."

"राहू दे. टाकून दे. त्याची गरज नाही. मिठाचं पाणी घे, पिचकारीने नाक धू, आडवी धर तिला, मी दाखवतो. मशीन नको."

लोरेदानाने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बरं वाटायला लागलंय म्हणून नको?"

"पहिल्या दिवसापासून नको होतं."

"तुम्हीच सांगितलंत."

"हो."

"तेव्हा ठाऊक नव्हतं?"

खोटं बोलायला ही सोपी जागा होती. नव्या संशोधनाचं नाव घेतलं असतं तर लोरेदानाने मान डोलावली असती. डॉक्टर म्हणाले, "ठाऊक होतं."

जिन्यातला दिवा आपोआप विझला. लोरेदानाने हात लांबवून बटण दाबलं.

"ही मला बघितलं की तोंड फिरवायला लागलीये, माहितीये? माझी पोर, मला बघून. मास्क आणतेय की काय म्हणून." तिचा आवाज चढला नाही, तो उलट खाली गेला. "कशासाठी सांगितलंत मग?"

याचं उत्तर डॉक्टरांकडे होतं, पण ते दीड वर्षाच्या पोरीच्या आईला उंबऱ्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "पिचकारी आहे का घरात?"

होती. त्यांनी स्वयंपाकघरात पाणी उकळवलं, निववलं, मीठ मोजून घातलं. पोरीला कुशीवर धरलं, वरच्या नाकपुडीत पाणी सोडलं; खालच्या नाकपुडीतून सगळा माल बाहेर आला. अमेलिया संतापली, ओरडली, आणि क्षणात श्वास मोकळा होऊन स्वतःच चकित झाली. लोरेदानाने तिचं नाक पुसलं.

"येतं मला आता," ती म्हणाली. आभार मानले नाहीत. दार लावताना मात्र म्हणाली, "गुड नाइट, डॉक्टर," तेही दाराकडे बघून.

डॉक्टर खाली आले. बैठक कधीच संपली होती. ओत्तावियाबाईंचा निरोप होता, 'काळजी वाटली, सगळं ठीक ना? नव्या फेरीचे गुण उद्यापर्यंत.' त्यांनी लगेच, उभ्यानेच, नऊ गुण दिले. कारणाच्या जागी काही लिहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी एकमत जाहीर झालं. प्राध्यापक कावाल्काबोंनी हातात ग्लास धरला होता. "आणि आपल्या त्या अज्ञात हट्टी मित्राचे खास आभार," ते म्हणाले. "त्याच्यामुळे आपण या वाक्यावर सगळ्यात जास्त विचार केला. आज ते सगळ्यात पक्कं वाक्य आहे."

"तोरिनोच, दुसरं कोण!" कातान्याच्या बाई म्हणाल्या.

"मी? अहो, माझी पुस्तकं भिजली त्या वाक्यापायी!"

हशा झाला. ओत्तावियाबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या चौकोनातून बघत होत्या. कुणाकडे ते सांगता येत नाही, संगणकात सगळ्यांनाच वाटतं आपल्याकडे बघतायत. डॉक्टरांना वाटलं, बोलावं. सांगावं की तो मित्र हट्टी नव्हता, त्याला काही वेगळं दिसतही नव्हतं. तोंड उघडलं तोवर प्राध्यापकांनी ग्लास उंचावला. "संपर्कात राहू" असं सगळे एकदम म्हणाले, आणि चौकोन विझायला लागले. कातान्या गेलं, मांजरासकट. तोरिनो गेलं. पादोवावाले शेवटपर्यंत हात हलवत काहीतरी बोलत होते, आवाजाविना. मग तेही गेले. काळ्या पडद्यावर डॉक्टरांना आपला चेहरा दिसला, आणि त्यांनी तोही बंद केला.

वरून पावलांचा आवाज येत होता. लहान पावलं, मग मोठी त्यांच्यामागे. रडणं नाही, गुरगुर नाही. त्या आठवड्यात गावात थंडी कडक पडली, निम्मी पोरं शिंकत होती. लोरेदानाने पिचकारीचं सगळ्या जिन्याला सांगून टाकलं होतं. कोण कोण मशीन माळ्यावर टाकून मोकळं झालं याची बातमी देर्नाबाईंकडे होती. डॉक्टरांच्या दारावर कुणी आलं नाही.

ते खाली उतरले. देर्नाबाई आपल्या दारासमोर जिना पुसत होत्या.

"थांबा, ओलं आहे. झालं का तुमचं?"

"झालं."

"जिंकलात की हरलात?"

"एकमत झालं, देर्नाबाई. एकमतात कुणी हरत नाही."

"तोंडावरून तसं वाटत नाही." त्यांनी फडकं पिळलं, पाणी बादलीत पडेपर्यंत थांबल्या. "लोरेदानाने मला सांगितलं. सगळं."

डॉक्टर कठडा धरून उभे राहिले. आता काय ऐकावं लागणार, ते त्यांना ठाऊक होतं; या जिन्यात देर्नाबाईंनी भल्याभल्यांना सोललेलं होतं.

"गाढव आहात तुम्ही," देर्नाबाई म्हणाल्या. बस, एवढंच. मग म्हणाल्या, "पत्ते येतात का?"

"इव्होन असताना खेळायचो. वाईट खेळतो."

"बरं आहे. मला हरायला आवडत नाही." पुढच्या पायरीवर फडकं फिरलं. "तुमची वेळ कुठली रिकामी झाली? गुरुवार संध्याकाळ ना?"

"हो. गुरुवारी येतो मग," डॉक्टर म्हणाले. जरा जास्तच लगबगीने म्हणाले.

"गुरुवारी मी नसते. गुरुवारी मुलीकडे, फिदेंझाला. शुक्रवारी या. गुरुवारचं तुमचं तुम्ही बघा, डॉक्टर, ते काही मला जमायचं नाही."

त्या बादली उचलून आत गेल्या. डॉक्टर पायरी वाळायची वाट बघत तिथेच उभे राहिले. थंडीत ती लवकर वाळत नाही.